निवडलेले धान्य आणि निवडण



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. मी विद्वान नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते पोत्यांच्या थप्प्यांच्या सावलीत, नगरवाचनालयाच्या बाकावर आणि माझ्याहून अधिक जाणणाऱ्या माणसांना प्रश्न विचारून विचारून. धान्यातील बुरशीच्या विषांवर बोलतो, असे मी कळविले तेव्हा संयोजकांनी साहजिकच विचारले, हा तर कृषिशास्त्रज्ञांचा विषय, तुम्ही कामगारांविषयी का बोलत नाही? मी उत्तर दिले की, मी कामगारांविषयीच बोलणार आहे. ते कसे, हे आता सांगतो.

धान्यबाजारात हमाल, तोलणार, मापाडी यांच्या जोडीला वारणी करणाऱ्या बाया असतात. गाळ्यापुढे ओतलेला माल चाळायचा, सुपात पाखडायचा, त्यातला कचरा काढायचा आणि साफ माल पुन्हा पोत्यात भरायचा, हे त्यांचे काम. या कामातून जे खाली राहते त्याला आमच्याकडे निवडण म्हणतात. फुटके, किडके, काळे पडलेले, पोचट दाणे, थोडी माती, थोडी काडी. गेल्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. मी तेव्हा युनियनमध्ये नवा होतो. बायांची मागणी दरवाढीची होतीच, परंतु त्याहून मोठी तक्रार अशी की, संध्याकाळी ओट्यात पसाभर निवडण घेऊन निघाले की फाटकावर झडती होते आणि चोरीचा आळ येतो. हा अपमान होता, आणि तो मोडायचा आम्ही निश्चय केला. बैठका झाल्या, काही दिवस काम बंद राहिले, आणि शेवटी करारात एक कलम आले: निवडण वारणी करणाऱ्या बाईच्या हक्काची. ते कलम माझ्या हाताने लिहिलेले आहे. त्या दिवशी बायांनी मला हार घातला.

पुढे सात-आठ वर्षांनी कोंबड्यांच्या खाद्यासाठी मका घेणारा एक तरुण कृषिपदवीधर बाजारात आला. त्याच्याजवळ एक जांभळट प्रकाशाचा दिवा होता. भरडलेला मका काळ्या कापडाआड धरून तो त्यावर हा दिवा टाकी आणि कोठे हिरवट-पिवळी चमक दिसते का ते पाही. साफ मालात दोन-तीन ठिपके चमकले. मी गंमत म्हणून शेजारची निवडण त्याच्यापुढे सरकवली. दिवा पडताच त्या ढिगात जागोजाग काजवे बसावेत तसे दिसू लागले. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, बुरशीची खूण. आणि त्याने एक शब्द माझ्या वहीत लिहून दिला: अफ्लाटॉक्सिन. त्या शब्दाचा माग काढीत मी आज आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम त्या शब्दाचीच कथा सांगतो. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाच्या पाळीव पक्ष्यांची लाखावर पिल्ले मेली. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' असे अज्ञात राशीचे नाव देण्यात आले. शोध घेता घेता दोष खाद्यात आलेल्या ब्राझीलच्या भुईमूग पेंडीवर आला. त्या पेंडीत अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती आणि तिने एक विष तयार केले होते. अॅस्परजिलसचा 'अ', फ्लेव्हसचा 'फ्ला', आणि विषाला इंग्रजी शब्द टॉक्सिन. झाले अफ्लाटॉक्सिन. हे विष अदृश्य किरणांच्या दिव्याखाली स्वतःच चमकते. त्याचा एक प्रकार निळा चमकतो, एक हिरवा. म्हणून इंग्रजीतल्या निळ्याच्या आणि हिरव्याच्या आद्याक्षरांवरून त्यांना बी आणि जी अशी नावे मिळाली. त्यांत बी-१ सर्वांत घातक. यकृताचा कर्करोग निर्माण करणारे म्हणून जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या वर्गात घातले आहे. ज्याच्या शरीरात बी प्रकारच्या काविळीचा विषाणू आधीच आहे त्याला तर हा धोका अनेक पटींनी वाढतो.

आता कोणी म्हणेल, बुरशी काय आजची आहे? आपल्या आज्या-पणज्यांनी बुरसट ज्वारी ऊन देऊन, धुऊन, दळून खाल्ली आणि पचवली. हा युक्तिवाद मी बाजारात शंभर वेळा ऐकला आहे. त्याचे उत्तर असे की, सगळी बुरशी विषारी नसते आणि विषारी बुरशीसुद्धा प्रत्येक वेळी विष करीत नाही. म्हणून पुष्कळदा काही होत नाही. परंतु जेव्हा होते, तेव्हा ऊन देऊन, दळून, भाजून ते जात नाही. बुरशी सजीव आहे, ती उष्णतेने मरते. तिने केलेले विष हा निर्जीव पदार्थ आहे. त्याला मरणच नाही. पाणी उकळून ते नष्ट होत नाही, आणि तव्यावरच्या भाकरीत आतल्या बाजूला जेवढी उष्णता पोचते तेवढीने त्याचा फारसा भाग हलत नाही. बुरशी गेली, वास गेला, रंग गेला, पण विष पिठात राहिले, असे होऊ शकते.

१९७४ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या लागून असलेल्या जिल्ह्यांत काय झाले ते पाहा. मक्याचे पीक काढणीला आले असता अवेळी पाऊस लागला. कणसे भिजली, तशीच घरात आली. तिथल्या भिल्ल कुटुंबांचे मुख्य अन्न मका. आधी गावातली कुत्री आजारी पडून मरू लागली. मग माणसांना कावीळ होऊ लागली, पोटे पाण्याने फुगू लागली. दीडशेच्या वर गावांत हा आजार पसरला. नोंदवलेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी त्या घरांतला मका तपासला तेव्हा किलोमागे सव्वासहा ते साडेपंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. आज आपल्या देशात धान्याला कायद्याने मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग घेऊन त्याचे पंधरा. हिशेब करा: त्या झोपड्यांतला मका या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता.

मी हे वाचले तेव्हा मला त्या आकड्यांहून कुत्र्यांनी अस्वस्थ केले. घरच्या ताटातला तुकडा खाणारे जनावर आधी मेले, म्हणजे इशारा मिळाला होता. तरीही माणसे तोच मका खात राहिली. का? मका कडू लागत नव्हता असे नाही, त्यांना कळत नव्हते असेही नाही. घरात दुसरे धान्य नव्हते. १९९५ साली दख्खनच्या पठारावर सत्तावीस गावांत माणसांना पोटदुखी आणि हगवण लागली. कारण होते पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आणि मका. तिथले विष निराळे होते, फ्युझेरियम बुरशीचे फ्युमोनिसिन. ते तितके मारक नव्हते, धान्य बदलताच माणसे बरी झाली. पण आजारी पडली ती काळे धान्य खाणारीच घरे. गावातल्या ज्या घरी चांगले धान्य होते तिथे कोणाचे पोट दुखले नाही. २००४ साली केनियात मक्यानेच ३१७ माणसे आजारी पडली आणि १२५ मेली. बुरशीला जात-वर्ग नसेल, पण तिचे धान्य कोणाच्या चुलीपर्यंत पोचते याला आहे.

आपल्याकडचा एक जुना प्रकार यापेक्षा सोपा आहे, म्हणून तो आधी निकालात काढतो. बाजरीच्या कणसावर फुलोऱ्यात ढगाळ हवा मिळाली की गुलाबी चिकट मधासारखे थेंब दिसतात आणि मग दाण्याच्या जागी काळपट कठीण गाठी धरतात. हा अरगट. १९५६-५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन माणसांना मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी येण्याची साथ झाली होती. परंतु हा शत्रू डोळ्यांना दिसतो आणि वजनाने हलका आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकली की निरोगी दाणा तळाशी बसतो आणि अरगट वर तरंगतो. वरचे काढून जाळून टाकायचे, खालची बाजरी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन कडक वाळवायची.

अफ्लाटॉक्सिनशी असे उघड्यावर लढता येत नाही. त्याची मुख्य अडचण अशी की, ते धान्यात सारखे पसरलेले नसते. मक्याच्या एखाद्या दाण्यात किलोला चारशे मिलिग्रॅम या प्रमाणापर्यंत विष सापडल्याची नोंद आहे. मी एकदा बसून गणित मांडले. मक्याचा दाणा साधारण ग्रॅमचा तिसरा हिस्सा धरा. असा एकच दाणा आठ किलो निर्मळ मक्यात पडला तर ते सगळे आठ किलो कायद्याच्या मर्यादेला जाऊन टेकतात. आठ किलोत चोवीस हजारांच्या आसपास दाणे असतात. त्यात हा एक. आडत्या पोत्याला टोकदार पोकळ नळी खुपसून मूठभर नमुना काढतो. त्या मुठीत तो दाणा येईल की नाही? आला तर सबंध माल विषारी ठरेल, नाही आला तर सबंध माल शुद्ध. दोन्ही निकाल खोटे. म्हणून परीक्षेत सगळ्यांत मोठी चूक होते ती यंत्रात नव्हे, नमुना घेताना. शहाणी रीत अशी की, थप्पीच्या वरून, खालून, मधून, कडेने अनेक ठिकाणचा थोडा थोडा माल काढावा, तो किलोंनी मोजण्याइतका जमवावा, सगळा एकत्र बारीक दळावा, खूप कालवावा आणि मग त्यातला चमचा परीक्षेला घ्यावा. हे कष्टाचे काम आहे आणि कष्ट हमालाचे असतात, म्हणून ते टाळले जाते. हमाली न देता शुद्ध नमुना मिळत नाही, हे मी व्यापाऱ्यांना अनेकदा सांगितले आहे.

नमुना नीट असेल तर पुढचे काम आज अवघड राहिलेले नाही. तो जांभळा दिवा ही केवळ पहिली चाळण. त्याखाली चमकते ते विष नव्हेच. त्याच बुरशीने सोडलेले कोजिक आम्ल दाण्याच्या जिवंत रसाशी मिळून ती चमक देते. त्यामुळे चमक आहे पण विष नाही, किंवा विष आहे पण चमक नाही, असे दोन्ही घडते. याहून खात्रीची म्हणजे कागदी पट्टी: पिठाचा अर्क काढून त्यात पट्टी बुडवायची, पाच-दहा मिनिटांत रेघ उमटते किंवा उमटत नाही. तिच्यामागचे तत्त्व आपल्या शरीराकडूनच उसने घेतलेले आहे. विशिष्ट विषालाच पकडणारे प्रतिद्रव्य तिच्यावर लावलेले असते. याच तत्त्वावरची, एकाच वेळी अनेक नमुने तपासणारी स्वस्त पद्धत हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने गरीब देशांसाठी तयार केली. आणि जिथे भांडण कोर्टात जाण्यासारखे आहे तिथे प्रयोगशाळेतले द्रव-वर्णलेखन यंत्र आहे, जे विषाचे सर्व प्रकार वेगळे करून मोजते.

पण मोजणे म्हणजे कमी करणे नव्हे. कमी करण्याचा खरा काळ काढणीपासून पहिल्या काही दिवसांचा. पिकाला शेवटी पाण्याचा ताण पडला, किडीने दाणा पोखरला, की बुरशी शेतातच शिरते. आणि ओला मका ढिगात टाकला की ती दोन-चार दिवसांत पसरते. मक्याची ओल तेरा टक्क्यांच्या आत आली म्हणजे तिला वाढता येत नाही. ओल मोजण्याचे यंत्र नसेल तर काचेची कोरडी बाटली घ्यावी, तिच्यात मूठभर धान्य आणि थोडे अगदी कोरडे मीठ टाकून खूप हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे, धान्य अजून वाळवायचे आहे. बाटलीची ही परीक्षा आमच्या हमालांपैकी बऱ्याच जणांना आता येते. थप्पीखाली लाकडी फळ्या असाव्यात, थप्पी भिंतीला टेकू नये, छपराच्या गळतीखाली पोते राहू नये, या गोष्टी तर प्रत्येक जुना हमाल डोळे मिटून सांगेल. त्याला विचारत कोणी नाही, एवढेच. वाळलेले धान्य हवाबंद ठेवले तर उरलीसुरली बुरशीही गुदमरते. आपल्या पूर्वजांचे पेव याच तत्त्वावर होते आणि आजच्या तीन थरांच्या प्लास्टिकच्या पिशव्याही याच तत्त्वावर आहेत. मात्र ओले धान्य हवाबंद केले तर लाभ कसला, नासाडी मात्र खात्रीची.

धान्य बाजारात आल्यावर उपाय काय? इथे मला सांगताना अभिमान वाटतो, आणि लगेच लाजही वाटते. विष थोड्याच दाण्यांत गोळा झालेले असते आणि ते दाणे बहुधा फुटके, किडलेले, रंग गेलेले, हलके असतात. म्हणून नीट निवडले, पाखडले, तर विषाचा मोठा भाग निघून जातो. परदेशात लाखो रुपयांची रंग ओळखणारी यंत्रे जे करतात ते आमची वारणीवाली सूप आणि बोटे यांनी कित्येक वर्षे करीत आली आहे. ज्या बाईला आपण अकुशल म्हणून सर्वांत कमी मजुरी देतो, तिच्या हाताखालून गेलेले धान्य खाऊन शहर सुरक्षित राहते.

आणि जे निघून गेले ते कुठे गेले? ते नष्ट झाले नाही. ते सगळे त्या निवडणीत आले. शंभर किलोत विखुरलेले विष चार-पाच किलोत एकवटले, आणि मी लिहिलेल्या कलमाने ते त्या बाईच्या ओट्यातून तिच्या घरी गेले. तिच्या मुलांच्या भाकरीत गेले, तिच्या कोंबड्यांना गेले, तिच्या शेळीला गेले.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावरही होते. गिरणीत मक्याचे पीठ स्वच्छ निघते कारण विषाचा बराच अंश कोंड्यात आणि अंकुरात जातो, आणि कोंडा जनावरांना जातो. हल्ली मक्यापासून इथेनॉल काढतात. मक्यातल्या स्टार्चचे मद्यार्क होऊन जातात आणि मागे जो चोथा राहतो त्यात विषाचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. तो चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो. गाय असे खाद्य खाते तेव्हा बी-१ विषाचा थोडा भाग, शेकडा एक-दोन ते फार तर सहा, रूप बदलून एम-१ नावाने तिच्या दुधात उतरतो. २०१८ साली केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातील दुधाचे ६४३२ नमुने तपासले, त्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. म्हणजे जो मका आपण ताटातून हाकलला तो मागच्या दाराने मुलांच्या पेल्यात आला. यात दिलासा एवढाच की खाद्य बदलले तर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा शुद्ध होते. खाद्यात बेंटोनाइटसारखी विशिष्ट माती मिसळली तर ती विषाला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते. अमोनियाच्या वायूत पेंड ठेवून विष मोडण्याची कृतीही आहे, पण ती कारखान्याची, घरची नव्हे. आणि माणसाच्या अन्नासाठी तर नव्हेच.

तो दिवा पाहिल्यानंतर मी युनियनच्या सभेत हे सगळे सांगितले. सभा चांगली झाली नाही. एक वयस्कर बाई उठून म्हणाल्या, "भाऊ, तवा तुमीच मिळवून दिलं, आता तुमीच काढून घेता?" त्यांच्या म्हणण्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. निवडण बंद केली तर संध्याकाळच्या पिठातला वाटा गेला, आणि तो भरून द्यायला मजजवळ व्याख्यानाशिवाय काही नव्हते. शास्त्र खरे असले तरी उपाशी माणसाला ते पगारकपातीसारखे लागते. बांसवाड्याच्या लोकांनी कुत्री मेल्यावरही मका का सोडला नाही, हे मला त्या सभेत कळले.

म्हणून आम्ही दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. निवडण घेण्याचा हक्क सोडायचा नाही, त्याची किंमत करून घ्यायची. प्रत्येक क्विंटल साफ मालामागे निवडणीचे पैसे वारणीच्या दरात वेगळे दाखवावेत, नाकाला बांधायला चांगले फडके द्यावे, कारण धुळीतही हे विष असते, आणि निवडणीचा ढीग संध्याकाळी सर्वांसमक्ष मोजून निकामी करावा, अशा तीन मागण्या आम्ही मांडल्या. व्यापाऱ्यांचे म्हणणे होते की, निवडण कचरा आहे, कचऱ्याचे पैसे कसले? आम्ही म्हणालो, कचरा असेल तर तो पुन्हा पोल्ट्रीवाल्याला का विकता? यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

आज आमच्या बाजारातल्या निम्म्याअधिक गाळ्यांवर हे पैसे मिळतात. निम्मे अजून देत नाहीत, आणि तिथल्या काही बाया अजून पदराखाली निवडण नेतात. मी फाटकावर उभा राहून त्यांची झडती घेणार नाही, ते काम मी एकदा बंद पाडलेले आहे. जिथे पैसे मिळतात तिथे संध्याकाळी वजन झाले की ढिगावर बादलीभर कपड्यांच्या निळीचे पाणी ओततात. निळा दाणा कोणी विकत घेत नाही आणि चुकून दळायलाही नेत नाही. मग तो बाजाराच्या मागच्या खड्ड्यात चुनखडी टाकून पुरतात. गेल्या हंगामात त्या खड्ड्याभोवती कुंपण नव्हते आणि कोणाच्या तरी कोंबड्या तिथे चरत होत्या, म्हणून यंदा आम्ही पावसाआधी कुंपणाच्या तारेची मागणी केली आहे.